होशी पट्ट्याचा प्रवास: नावं नीट वाचली तर गाडी चुकत नाही

ह्वांग हो नदीतला ‘हो’ म्हणजे नदी आणि ‘शी’ म्हणजे पश्चिम. वायव्य चीनच्या गान्सू प्रांतात लानचौपाशी नदी ओलांडली की वायव्येकडे दुनह्वांगपर्यंत सुमारे हजार किलोमीटर लांबीची पट्टी लागते. दक्षिणेला बर्फाचा छीलिएन पर्वत, उत्तरेला वाळवंट आणि मधे पर्वताच्या पाण्यावर जगणारी हिरवी ठिपक्यांसारखी गावं. हाच होशी पट्टा. इतिहास वाचून निघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वेई आणि छिन राज्यं ज्या ‘होशी’साठी लढली, तो मुलूख आजच्या शेन्सी प्रांतात आहे. शब्द तोच, नदीचं वळण वेगळं.

या पट्ट्यात गावांना दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत आणि प्रवासातले निम्मे घोटाळे त्यातूनच होतात. म्हणून तिकिटांआधी नावं.

इ.स.पू. १२१ मध्ये हान सेनापती हुओ छूपिंग याने शिओंगनू या भटक्या टोळ्यांना इथून हुसकावलं. त्यानंतर सम्राट वूच्या दरबाराने चार परगणे वसवले. वूवेइ म्हणजे शस्त्रबळाचा दरारा. चांग्ये म्हणजे देशाने पश्चिमेकडे हात पसरणं. च्युछ्वान म्हणजे मद्याचा झरा. सम्राटाने पाठवलेलं मद्य सगळ्या सैन्याला पुरेना, म्हणून हुओने ते झऱ्यात ओतलं, अशी कथा तिथे ऐकवतात. जुने भाष्यकार मात्र एवढंच सांगतात की झऱ्याचं पाणीच मद्यासारखं लागायचं. चौथं दुनह्वांग. ‘विशाल आणि झळाळतं’ असा अर्थ हान काळातच लावला गेला, पण अनेक अभ्यासकांना तो मागाहून जोडलेला वाटतो. त्यांच्या मते मूळ नाव स्थानिक, बिगरचिनी भाषेतलं असावं आणि चिनी अक्षरं फक्त उच्चारासाठी घेतली असावीत. छीलिएन हा शब्दही शिओंगनूंचा, अर्थ ‘आकाश’, असं जुनं भाष्य सांगतं.

पाट्यांवर स्थापनेची वर्षं वेगवेगळी दिसली तर गोंधळू नका. हान इतिहासग्रंथाच्या राजवृत्तात वूवेइ आणि च्युछ्वान इ.स.पू. १२१ चे, चांग्ये आणि दुनह्वांग १११ चे. त्याच ग्रंथाच्या भूगोल-प्रकरणात वर्षं येतात ती १०४, १०१ आणि ८८. पाटी लिहिणारा यातलं हवं ते उचलतो.

पुढच्या काळात हीच गावं ल्यांगचौ (वूवेइ), गानचौ (चांग्ये), सूचौ (च्युछ्वान) आणि शाचौ (दुनह्वांग) झाली. गानचौमधला ‘गान’ आणि सूचौमधला ‘सू’ जोडून गान्सू प्रांताचं नाव बनलं. पहिली तिन्ही नावं आजही त्या-त्या शहराच्या मुख्य जिल्ह्याला आहेत, त्यामुळे हॉटेलच्या पत्त्यात हमखास येतात. खरा सापळा इथेच आहे. रोमन अक्षरांत ‘सूचौ’ टाकलं की ॲप जियांग्सूमधलं बागांचं प्रसिद्ध शहर पुढे करतं, नाहीतर आन्ह्वेइमधलं तिसरंच सूचौ. ‘गानचौ’ टाकलं तर जियांग्शी प्रांतातलं शहर येतं. चिनी अक्षरं वेगळी, रोमन लेखन एकच. म्हणून रेल्वेसाठी नेहमी हान काळचं नाव टाका, प्रांत ‘गान्सू’ असल्याची खात्री करा, आणि हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट काढून ठेवा. टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

रेल्वेतिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात. तिकीट पासपोर्टवर निघतं आणि पासपोर्टच दाखवून आत जायचं असतं. स्वयंचलित फाटकाने पासपोर्ट वाचला नाही तर शेजारी कर्मचारी असलेल्या रांगेत जा. लानचौहून शिनजियांगकडे जाणारी २०१४ ची वेगवान रेल्वे शीनिंगमार्गे चांग्ये-पश्चिमला उतरते. वूवेइ तिच्या वाटेत नाही. वूवेइ करायचं असेल तर लानचौहून तिथली वेगळी गाडी बघा. शीनिंगच्या पुढे हा मार्ग ३,६०० मीटर उंचीच्या बोगद्यातून जातो, तेव्हा उन्हाळ्यातही हाताशी स्वेटर असू द्या.

लानचौच्या प्रांतिक संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते. वूवेइच्या लेइताइ थडग्यात १९६९ साली सापडलेला काशाचा उडता घोडा इथे आहे. वूवेइला दिसते ती प्रतिकृती. घोडा ३४.५ सेंटिमीटर उंच, आणि चांग्येच्या महाबुद्ध मंदिरातला (आरंभ १०९८) निजलेला बुद्ध ३४.५ मीटर लांब. निव्वळ योगायोग, पण आकडे लक्षात राहतात. वूवेइत कुमारजीवाच्या नावाचं मंदिर आहे. भारतीय पित्याचा हा भाषांतरकार इथे सतराएक वर्षं अडकून पडला होता. चांग्येचे रंगीत डोंगर संध्याकाळी पाहा, दुपारच्या उन्हात रंग फिके पडतात.

च्युछ्वान आणि च्यायुग्वान (मिंग काळाचा किल्ला, १३७२) ही शहरं पंचवीसेक किलोमीटरवर आहेत, एकाच ठिकाणी मुक्काम पुरतो. ‘च्युछ्वान उपग्रह प्रक्षेपण केंद्र’ मात्र इथे शोधू नका, ते अंतर्मंगोलियाच्या हद्दीत आहे.

पुढे यूमन. हे तेलाचं शहर आहे, यूमन-ग्वान म्हणजे ‘जेडची वेस’ नव्हे. हान काळच्या वेशीचे अवशेष दुनह्वांगच्या वायव्येला ९० किलोमीटरवर आहेत, यूमन स्टेशनपासून सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरांहून लांब. शिवाय तांग काळात वेस पूर्वेला ग्वाचौजवळ सरकली होती. महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचं वर्णन करणारा ह्युएनत्संग चोरून निसटला तो या दुसऱ्या वेशीजवळून. ग्वाचौ (खरबुजांचं गाव) जुन्या नकाशांवर ‘आन्शी’ असतं. नाव २००६ मध्ये परत बदललं.

वेगवान गाडी ल्यूयुआन-दक्षिणला थांबत असेल तर तिथून दुनह्वांग सुमारे १३० किलोमीटर, रस्त्याने दोन तास. थेट ‘दुनह्वांग’ स्टेशनची गाडी मिळाली तर तीच घ्या.

दुनह्वांगजवळच्या मोगाव या बौद्ध लेण्यांचं तिकीट महिनाभर आधी काढा. एप्रिल ते नोव्हेंबरच्या हंगामात मुख्य तिकिटात दोन चित्रफिती आणि आठ लेणी मिळतात. ही मुख्य तिकिटं संपली की चार लेण्यांचं तिकीट उरतं. इंग्रजी वाटाड्याची वेळ तिकिटासोबतच ठरवा. लेणी कोणती, हे वाटाड्या ठरवतो. आत फोटो नाहीत, उजेड त्याच्याच विजेरीचा. अजिंठ्याची सवय असलेल्यांना मूर्ती वेगळ्या वाटतील: इथला खडक भुसभुशीत, गोट्यांचा, त्यात कोरीवकाम टिकत नाही, म्हणून लाकडाच्या सांगाड्यावर मातीचं लिंपण आहे. पाऊस पडला की लेणी बंद ठेवतात, कारण दमट हवेत गिलाव्यातले क्षार पाणी शोषतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. वाळूच्या वादळातही दार लागतं. म्हणून दुनह्वांगला तीन रात्री ठेवा, लेण्यांचं तिकीट पहिल्या पूर्ण दिवसाचं काढा आणि शेवटचा दिवस मोकळा सोडा. मार्च-एप्रिल वादळांचे, १ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टीचे, सप्टेंबर उत्तम.

शाकाहारी मंडळींनी ध्यानात घ्यावं, लानचौच्या शेवयांचा रस्सा गोमांसाचा आणि दुनह्वांगच्या पिवळ्या शेवयांसोबत गाढवाचं मांस असतं. थंड ल्यांगफी (पट्ट्यांसारख्या शेवया) मिळते, तीही विचारूनच. जर्दाळूचं सरबत बिनधास्त प्या.

यूमन-ग्वान आणि तिच्या दक्षिणेची म्हणून ‘यांग-ग्वान’ नाव पडलेली दुसरी वेस, दोन्ही एका दिवसात होतात, पण गाडी ठरवावी लागते. घड्याळ पेइचिंगचं असल्याने जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. दुपारी निघून आधी यांग-ग्वान करा आणि यूमन-ग्वान शेवटी ठेवा; मात्र शेवटच्या प्रवेशाची वेळ सकाळीच विचारून घ्या. पाणी माणशी दोन लिटर गाडीत हवंच.