गाडी गरम होते हे सर्व्हिस सेंटरला पटवून देताना: माझा अनुभव

इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरचा पंखा बदलणं हे एका सकाळचं काम आहे. माझ्या गाडीत मात्र होळीनंतर सुरू झालेली कटकट पार मृग लागेपर्यंत चालली, आणि त्यातला नेमका दोष शोधायला लागलेला वेळ म्हणाल तर अर्धा तास असेल नसेल. बाकी सगळा उन्हाळा एकाच गोष्टीत गेला, गाडी खरंच गरम होते हे सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या डोक्यात घालण्यात. म्हणून लिहून राहिलो, कोणाची अशीच अडकली असेल तर कामी येईल.

गाडी छोटी, पेट्रोल, पाच वर्षांची. एक्स्टेंडेड वॉरंटी जूनअखेरपर्यंत होती, ही तारीख लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. लक्षण असं की मनीषनगरहून निघालो, वर्धा रोडने सुसाट आलो तर तापमानाचा काटा मधोमध, काही त्रास नाही. नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) शिरलो, व्हरायटी चौकात गर्दीत फसलो, एसी चालू, की आधी एसीतून गार हवा येणं बंद व्हायचं आणि मग थोड्या वेळाने काटा चढायला लागायचा तो लाल रेघेपर्यंत. गर्दी सुटून गाडी पळायला लागली की काटा आपोआप खाली आणि एसी पुन्हा गार.

आता ज्याला गाडीतलं थोडंही समजतं त्याला एवढ्यावरच कळायला पाहिजे. पळताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. उभ्याने तापते आणि पळताना तापत नाही म्हणजे एक तर पंखा नाहीतर हवेची वाट कुठेतरी बंद. याच्या उलट असतं, म्हणजे गर्दीत ठीक पण हायवेला भरल्या गाडीने चढावर तापते, तर रेडिएटर आतून जाम आहे का, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट असं सगळं बघत बसावं लागलं असतं. हे मी पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगितलं. ॲडव्हायझरने (तिथे तक्रार लिहून घेणारा माणूस) मान डोलवत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, बाहेर बघा ना, चव्वेचाळीस आहे. नागपूरचं ऊन आहे, सगळ्याच गाड्या थोड्याफार गरम होते."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की विचारू नका. अरे बाबा, नागपूरचं ऊन काय काल आलं का? २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ ला गेला होता, तेव्हा काय गाड्या घरी झोपल्या होत्या? चालू इंजिनातलं कूलंट (इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं द्रव) नव्वद डिग्रीच्या आसपास असतं, बाहेर पंचेचाळीस असलं तरी मधे भरपूर फरक उरतो, कंपनी हे सगळं धरूनच गाडी बनवते. आमचा भाचा कॅनडात असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणे मामा इथे मायनस वीसमध्ये माझी स्नोमोबाईल गरम होते. त्या बर्फावरच्या गाडीत बऱ्याच मॉडेलना समोर आपल्यासारखा रेडिएटर नसतो म्हणे, खाली पट्टा फिरतो त्याच्या वरच्या बाजूला कूलंटचे पत्रे असतात आणि पट्ट्याने उडवलेला भुसभुशीत बर्फ त्यांच्यावर आपटून इंजिन थंड राहतं. रस्त्यावर बर्फ दगडासारखा कडक झाला की काही उडतच नाही, मग चारी बाजूंनी बर्फ आणि मधे इंजिन उकळतंय. त्यासाठी ते लोक मागे स्प्रिंगसारख्या तारा लावतात, त्या बर्फ खरवडत जातात आणि चुरा उडतो. म्हणजे थंडीचा उन्हाचा प्रश्नच नाही, थंड करणारी वस्तू इंजिनापर्यंत पोचते की नाही एवढाच प्रश्न आहे. मी हे ॲडव्हायझरलाही सांगितलं. तो म्हणाला, "सर, आपल्याकडे बर्फ कुठून येणार." घ्या.

आता मुख्य गोष्ट, जॉब कार्ड, म्हणजे गाडी ठेवून घेताना तक्रार आणि काम लिहितात तो कागद. माझी सगळी तक्रार ऐकून त्याने लिहिलं काय, तर "जनरल चेकअप, कूलंट टॉप अप". मी सही करायच्या आधी वाचलं आणि म्हटलं भाऊ हे नाही चालणार, मी सांगतो तसं लिही: "गर्दीत उभी असताना एसी चालू ठेवला की तापते, पंखा फिरत नसल्याची शंका." तो म्हणे सिस्टीममध्ये तेवढी जागा नाही. जागा असते. ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दात लिहायची असा रकाना असतो, ते भरायचा कंटाळा असतो फक्त. मी तिथेच उभा राहिलो, मागे रांग लागली, शेवटी लिहिलं. लाख बोलाचं एक बोल सांगतो, बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका, तोंडी सांगितलेल्या तक्रारीला वॉरंटीत शून्य किंमत आहे.

तर लिहिलं, गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी फोन, "सर, गाडी ओके आहे, घेऊन जा." कागदावर शेरा: तपासणीत दोष आढळला नाही. आता तपासली कशी ते ऐका. सकाळी दहा वाजता शेडखाली, कूलर समोर चालू, गाडी थंडगार, बोनेट उघडं ठेवून. पंखा फिरला मस्त. मग टेस्ट ड्राईव्हला आउटर रिंग रोडवर ऐंशीच्या स्पीडने नेली. अरे मीच सांगितलं ना ऐंशीला तापत नाही म्हणून! पुन्हा नेली, पुन्हा तेच. एकदा तर स्कॅनर लावून म्हणाले एकही फॉल्ट कोड नाही सर, म्हणजे काहीच नाही. स्कॅनरचं असं आहे की कंप्युटर पंख्याला फिरण्याचा हुकूम देतो, पंखा खरोखर फिरला का नाही ते बऱ्याच गाड्यांमध्ये त्याला कळायची सोयच नसते, मग कोड येणार कुठून.

नंतर नवीन टूम निघाली की काटाच खोटं दाखवत असेल, सेन्सर बदलू. सेन्सरवर शंका घ्यायला माझी ना नाही. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या रामदासपेठेतल्या हवामान यंत्राने छप्पन्न डिग्री दाखवली होती, देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडला होता. पण सेन्सर खोटं बोलत असेल तर काटा चढायच्याही आधी एसी गरम हवा का फेकतो? एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, दोघांना पंखा एकच. दोघं एकाच गर्दीत रुसतात म्हणजे दोघांच्या मधला माणूस गायब आहे. यावर उत्तर नव्हतं, पण सेन्सर मात्र बदलला. काटा नव्या सेन्सरवरही त्याच चौकात तसाच चढला.

मधे एक सांगायचं राहिलं, काटा चढला तर काय करायचं. एसी बंद करा, हीटर फुल गरमवर आणि फुल स्पीडवर लावा, खिडक्या उघडा. मे महिन्यात हीटर लावून बसणं म्हणजे शिक्षा आहे पण हीटरचा रेडिएटर वेगळा असतो, तो इंजिनातली उष्णता ओढतो, मी असाच दोनेकदा बाजूला लावण्याइतकी जागा मिळेपर्यंत तग धरली. तरी चढत गेला तर सरळ बाजूला घेऊन बंद करा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणी कितीही शहाणपण शिकवलं तरी उघडू नका, आत दाब असतो, दाबामुळेच कूलंट शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि तिथल्या तिथे उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बाटली ओतणारे पण भेटतील, त्यांना हात जोडा, इंजिनाच्या हेडला तडा जाऊ शकतो.

या काळात मानेवाड्याला एका जुन्या मिस्त्रीकडे पण दाखवून आणली. त्याआधी दोघांनी सल्ला दिला होता की थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेका, आपल्याकडे त्याचं काय काम. नका काढू. इंजिन नीट तापमानाला लवकर येत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मुख्य म्हणजे पंखाच बंद असेल तर वॉल काढून उभ्या गाडीत काही फरक पडत नाही. मिस्त्रीमामा वॉलबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी समोरची जाळी काढून टॉर्च मारला आणि म्हणाले, "हे पाहा, कूलरच्या ताट्या चिकट झाल्या की कूलर कसा नुसता घुमते आणि हवा येत नाही, तसं झालं." कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे कापसाचे तंतू, धूळ, मेलेले किडे यांचा नमदा बसला होता. त्यांनी पाण्याने आतून बाहेर हळू धार मारून साफ केलं (प्रेशर वॉशर जवळून मारला तर त्या बारीक पत्र्या दुमडतात). फरक पडला, पण थोडाच. मग म्हणाले पंख्याच्या मोटरचे ब्रश (मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) गेले वाटते, पण तुमची वॉरंटी आहे, मी हात लावला तर ते लोक तुम्हालाच पकडतील, तिकडेच करून घ्या. पैसे पण घेत नव्हते, बळेच दिले. असा माणूस.

परत सर्व्हिस सेंटर. या वेळी मी गाडी सोडून आलोच नाही. मॅनेजरला भेटलो, आधीच्या सगळ्या जॉब कार्डांच्या कॉपी आणि काट्याचा व्हिडिओ कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला होता तो दाखवला, आणि म्हटलं तुमचा टेक्निशियन माझ्या बाजूला बसवा, मी चालवतो. दिला. पहिल्यांदा दुपारी तीनला निघालो तर फजिती, हल्ली उन्हाळ्यात दुपारी बरेच सिग्नल बंद ठेवतात लोकांना उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून, रस्ते रिकामे, गाडी कुठे थांबेचना. पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं सहाला पुन्हा जाऊ. सहाला बर्डी म्हणजे बर्डी, मुंजे चौकापासून व्हरायटीपर्यंत मुंगीच्या पावलाने, आणि एसी गेला. मला आयुष्यात एसी बंद पडल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. काटा चढला, मी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं. पंखा गप्प. पोराने आधी पंख्याला वीज जोडणारा स्विच, म्हणजे रिले, काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले त्या जागी लावून पाहिला, तरी गप्प. मग लांब स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंख्याच्या मोटरवर दोन टोले हाणले, आणि पंखा घर्र करून सुरू! ब्रश झिजलेले, मोटर तापली की अडकायचे, थंड शेडमध्ये सकाळी दहाला छान फिरायचा. (तुम्ही करणार असाल तर हात, ओढणी, मफलर काही पंख्याजवळ नको, इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.) मी त्याचा पण व्हिडिओ काढला.

इथे संपलं असं वाटलं ना? मग सुरू झालं अप्रूव्हल. फोटो पाठवले सर, कंपनीकडून अप्रूव्हल यायचं आहे. आज येईल. उद्या नक्की. मधेच क्लेमवर शंका काढली की गाडीत बाहेरचं कूलंट भरलेलं असू शकतं. मी त्यांच्याच बिलांची थप्पी समोर ठेवली ज्यात दर वेळी त्यांनीच कूलंट टॉप अप लिहून पैसे लावले होते. तो जो जनरल चेकअपवाला शेरा मारायला निघाला होता ना, त्याची टॉप अपची सवयच शेवटी माझ्या कामी आली. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, अप्रूव्हल आलं तर पार्ट नाही, आणि जूनअखेर जवळ. ॲडव्हायझर हळूच म्हणाला की वॉरंटी संपल्यावर आला पार्ट तर बघावं लागेल. तेव्हा ते पहिलं जॉब कार्ड काढलं, तारीख आणि माझे शब्द, तक्रार मुदतीतली आहे. मॅनेजरने वाचलं आणि विषय बंद केला. पार्ट त्याच आठवड्यात आला, कसा आला देव जाणे.

पंख्याचे आणि मजुरीचे पैसे लागले नाहीत, कूलंटचे घेतले, ते वॉरंटीत येत नाही म्हणे. रंग बघून कूलंट मिसळू नका, मॅन्युअलमध्ये दिलेलंच घ्या, आणि तयार मिसळलेलं नसेल तर नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड घ्या, क्षार आत बसतात.

हो, आणि गाडी ताब्यात घेताना तिथेच एसी लावून उभी ठेवा आणि बोनेटजवळ वाकून ऐका. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात पंखा फिरायलाच पाहिजे. मी चांगला दहा मिनिटं ऐकत उभा होतो. ॲडव्हायझर म्हणे, "सर, आता तरी समाधान झालं ना, फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या." मी म्हटलं, संध्याकाळी सहाला बर्डीत जाऊन येतो, मग सांगतो.