पंचवीस मीटर केबल आणि साडेबारा मेगाहर्ट्झ

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी मशीनचा (कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्राचा) स्क्रीन मालकांना त्यांच्या केबिनमध्येही बघायचा होता. मधे 25 मीटर अंतर, आणि मशीनमधून बाहेर येतो फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या मॉनिटरांचा अॅनालॉग सिग्नल. "वाय केबल लावा की, काम झालं," मालक म्हणाले. पण एका आउटपुटवर 75 ओहमचे दोन मॉनिटर टांगले की 0.7 व्होल्टचा सिग्नल साधारण 0.47 वर उतरतो आणि चित्र काळवंडतं. म्हणजे मधे अ‍ॅम्प्लिफायर हवाच. तो किती बँडविड्थचा, म्हणजे किती मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल नीट जाऊ देणारा, हे ठरवणं माझ्याकडे आलं.

डिप्लोमाला टीव्ही शिकलेल्या माणसाला बँडविड्थ म्हटलं की 5 मेगाहर्ट्झच आठवतात. तो आकडा येतो असा: जुन्या टीव्हीच्या 625 पैकी दिसणाऱ्या रेषा 575, त्यांना केल फॅक्टर 0.7 (रेषांच्या मधे हरवणाऱ्या बारकाव्यांची वजावट) लावून सुमारे 402, मग 4:3 च्या प्रमाणात आडवे 537 ठिपके. एक काळा आणि एक पांढरा मिळून एक सायकल, म्हणजे 268 सायकल. एका रेषेच्या 64 मायक्रोसेकंदांपैकी चित्राला मिळतात 52. भागाकार केला की 5.16 मेगाहर्ट्झ.

यातली पद्धत मी उचलली, केल फॅक्टर मात्र सोडून दिला. 1934 साली आरसीए या अमेरिकन कंपनीतल्या रेमंड केल आणि सहकाऱ्यांनी तो मांडला तो कॅमेऱ्यातल्या चित्रासाठी, कारण समोरचं दृश्य काही रेषांच्या मापाने उभं राहत नाही. कॉम्प्युटर आपले ठिपके आपणच मोजून टाकतो. तिथे 0.7 ने गुणणं म्हणजे गरज नसताना कमी भाव सांगणं.

मग सिग्नलची लहर दाखवणारा स्कोप लावला. हॉरिझाँटल सिंकच्या, म्हणजे नवी रेषा सुरू करणाऱ्या, दोन पल्समध्ये 31.8 मायक्रोसेकंद; व्हर्टिकल, म्हणजे नवं चित्र सुरू करणारा, 60 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे सरळसरळ 640 बाय 480. घाईत लोक 640 गुणिले 480 गुणिले 60 करतात, त्याचे निम्मे करतात आणि 9.2 मेगाहर्ट्झ सांगून मोकळे होतात. या गुणाकारात पडद्यावर रेषा काढणाऱ्या बीमच्या परतीचा वेळ धरलेलाच नसतो. प्रत्यक्षात एका रेषेत 800 ठिपक्यांएवढा वेळ जातो आणि दिसतात 640. फ्रेममध्ये 525 रेषा जातात आणि दिसतात 480. चित्र काढायला रेषेमागे उरतात 25.4 मायक्रोसेकंद, ठिपक्यामागे 39.7 नॅनोसेकंद. काळा-पांढरा-काळा-पांढरा असा सगळ्यात कठीण पॅटर्न घेतला तर 79.4 नॅनोसेकंदांची एक सायकल, म्हणजे 12.6 मेगाहर्ट्झ.

इथेच थांबलं तरी मात्र चित्र मऊ येतं. 12.6 मेगाहर्ट्झच्या अ‍ॅम्प्लिफायरचा राइझ टाइम (सिग्नलला काळ्यावरून पांढऱ्यावर चढायला लागणारा वेळ), 0.35 भागिले बँडविड्थ या नेहमीच्या सूत्राने, 28 नॅनोसेकंद. ठिपकाच 40 चा; त्यातले 28 वर चढण्यातच गेले तर उरलं काय? मशीनच्या स्क्रीनवर बारीक आकडे असतात, 3 आणि 8 मधला फरक एकदोन ठिपक्यांचा. ऑपरेटरने ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) वाचायचा तर कडा खड्या हव्यात. तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीचा, कडा खड्या ठेवणारा भाग, जाऊ द्यायचा म्हटलं तर 38 मेगाहर्ट्झ, मी 40 धरले. राइझ टाइम 9 नॅनोसेकंदांच्या आत येतो. केबलचा स्वतःचा राइझ टाइमही त्यात मिसळतो, दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर 40 च्या वरचाच शोधायचा होता.

पुण्यात बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने आधी बारीक, स्वस्त केबल पुढे केली. मी टोक सोलून दाखवायला सांगितलं: आत साध्या तारा. लाल, हिरवा, निळा यांना वेगवेगळं कोअॅक्स (भोवती जाळीचं कवच असलेली तार) असलेली जाड केबल त्याने मागून काढली, कुरकुरत. 100 मेगाहर्ट्झ लिहिलेला दोन आउटपुटचा स्प्लिटरही, आत आपल्याला हवा तो अॅम्प्लिफायर असलेला, मिळाला. अशा डब्यांवरच्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही, पण निम्मा खरा धरला तरी आपलं काम होत होतं.

केबल ओढल्यावर एकाआड एक उभ्या रेषांचा पॅटर्न लावून केबिनकडचं टोक स्कोपवर पाहिलं. रेषा सुट्या दिसत होत्या. मुद्दाम 75 ओहमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा, सिग्नल उलटा फिरू न देणारा रोध) काढून बघितलं तर लहरी लगेच वेड्यावाकड्या झाल्या: केबलमध्ये मीटरला 5 नॅनोसेकंद, जाऊन-येऊन 250, म्हणजे प्रत्येक कडेची सावली सहा ठिपके उजवीकडे.

मालक खूश झाले आणि लगेच म्हणाले, "पुढच्या मशीनला पण असंच करू, त्याचा स्क्रीन 1024 बाय 768 आहे." त्याचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके टाकण्याचा वेग, 60 हर्ट्झला 65 मेगाहर्ट्झ, मूळ फ्रिक्वेन्सीच 32.5 आणि तिसरा हार्मोनिक 97 च्या पुढे. निम्माच खरा धरलेला हा स्प्लिटर तिथे चालणार नाही, हे मी कोटेशनमध्येच लिहून दिलं.