'ठाकरे' पुन्हा पाहताना

रविवार, रात्री

आज घरी बाळासाहेब ठाकरे यांच्या जीवनावरचा 'ठाकरे' हा चित्रपट पुन्हा पाहिला. २५ जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे बाळासाहेबांच्या जयंतीनंतर दोनच दिवसांनी आणि लोकसभा निवडणूक तोंडावर आलेली असताना तो प्रदर्शित झाला. त्या वेळी आमच्याकडे वाद रंगला होता तो आवाजावरून. मराठी ट्रेलरमधला सचिन खेडेकर यांचा आवाज लोकांना रुचला नाही आणि अखेर चेतन सशितल यांचा आवाज घेण्यात आला. शिवाजी पार्कवर 'जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' ही हाक ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली होती, त्यांना दुसरा स्वर चालणे शक्यच नव्हते.

बाळासाहेबांच्या भूमिकेतले नवाजुद्दीन सिद्दीकी यांचे काम आजही तितकेच भावले. मान किंचित तिरकी करून समोरच्याला जोखणारी त्यांची नजर नक्कल वाटत नाही. याच अभिनेत्याला २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातील बुढाना या त्यांच्या गावी, स्थानिक शिवसैनिकांच्या विरोधामुळे रामलीलेतील मारीचाची भूमिका सोडावी लागली होती, हे आठवले की मन अस्वस्थ होते.

परंतु चित्रपटाची खरी अडचण त्याच्या मांडणीतच आहे. अभिजित पानसे यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि संजय राऊत यांनी लिहिलेल्या या कथेत बाळासाहेब बाबरी प्रकरणात लखनौच्या न्यायालयात उभे आहेत, वकील प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरांतून भूतकाळ उलगडत जातो. कल्पना उत्तम आहे. पण प्रत्येक प्रश्न जणू उत्तराला टाळी मिळावी म्हणूनच विचारलेला असतो. उलटतपासणीत जो पेच असावा लागतो, तो कुठेच जाणवत नाही.

खऱ्या न्यायालयांनी मात्र पेचाचे प्रश्न विचारले होते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि पुढे खुद्द बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

माझ्या मते अशा चित्रपटाने विरोधकाच्या घरातही थोडा वेळ थांबले पाहिजे. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि त्यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. एका पक्षाचा पहिला गुलाल आणि एका घराचे उद्ध्वस्त होणे यांत जेमतेम काही महिन्यांचे अंतर होते. सरोजिनीबाईंच्या डोळ्यांनी ती निवडणूक दाखवण्याचे धाडस झाले असते, तर गिरणगावातील लाल बावटा कसा उतरला हे नव्या पिढीला समजले असते. शिवसेनेला तिचे टीकाकार तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या नावावरून 'वसंतसेना' का म्हणत, हा प्रश्नही माझ्यापुरता उघडाच राहिला.

याचा अर्थ मराठी तरुणांचे दुःख खोटे होते असा मुळीच नाही. १९६० मध्ये 'मार्मिक' सुरू झाला, 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कचेऱ्यांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या आणि त्या वाचून नोकरीसाठी वणवण करणारी मुले पेटून उठली. ती चीड खरी होती, आणि म्हणूनच ती पुढे कोणाकोणावर कोसळली, याचा हिशेब मांडणे आवश्यक होते.

तो हिशेब न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मांडला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. जानेवारीतील हल्ल्यांबाबत आयोगाने बाळासाहेबांना स्पष्ट शब्दांत जबाबदार धरले. १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळात आला तेव्हा सत्तेवर असलेल्या युती सरकारने त्याचे निष्कर्ष फेटाळले. पडद्यावरच्या त्या वकिलाच्या हाती हा अहवाल दिला असता आणि नवाजुद्दीन यांच्यासारख्या समर्थ नटाला त्यातील एकेका परिच्छेदाला उत्तर द्यायला लावले असते, तर बाळासाहेबांना मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या अशा दोघांनीही तो प्रसंग श्वास रोखून पाहिला असता.