चिखलातला पहिला दिवस

आज पहिल्यांदाच डांबरी रस्ता सोडून माळरानावर, चिखलातून धावले. पायात नेहमीचे रस्त्यावरचे बूट होते. ओल्या उतारावर त्यांचा तळ पकडच घेईना, दोनदा हात टेकावे लागले.

मग संध्याकाळी बूट बघायला गेले. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि खरं माप तेव्हा कळतं. धावतानाचे मोजे सोबत नेले होते. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, पण टाच घट्ट बसायला हवी, नाहीतर चिखल बूट ओढून घेतो. स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे लावलेले धावण्याचे बूट, हातात घेऊन पाहिले. किती हलके असतात! कोरड्या जमिनीसाठी ६ मिलिमीटरचे खिळे लावतात, खोल चिखलासाठी १२ किंवा १५. मोह झाला, पण त्यांची टाच अगदी सपाट असते, पोटऱ्यांवर फार ताण येतो. म्हणून सध्या खोल खाचांचे ट्रेल शूज, म्हणजे कच्च्या वाटांवर धावायचे बूट, घेतले, आणि मला तेच बरोबर वाटतं.

सुती टी-शर्ट मात्र आता बंद. घामाने जड झाला, थांबल्यावर अंगात थंडी भरली. पॉलिएस्टरचा लवकर वाळतो. सुती मोजेही नकोतच, टाचेवरचा फोड अजून ठणकतोय.

फोड बरा झाला की पुन्हा त्याच उतारावर जाणार.