पगारपत्रकाच्या लायसन्सचा अर्ज : सर्व्हर क्लाउडवर नेतानाचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी करतो. आमच्या सर्व्हर रूममधील सगळ्या व्हीएम (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेले आभासी संगणक) आम्ही पब्लिक क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरांवर नेल्या. त्यातली पगारपत्रकाची एकच व्हीएम इतर सर्व काम संपल्यावरही एका लायसन्सच्या अर्जापायी अडकून राहिली. त्या अर्जाचा राग अजून गेलेला नाही, आणि हीच अडचण पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी कारखान्यांत येणार आहे याची मला खात्री असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

स्थलांतराचे कारण साधे होते. आमच्या व्हीएम ज्यावर चालत त्या व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरची कायमस्वरूपी लायसन्स 2023 च्या डिसेंबरपासून मिळेनाशी झाली, आमच्याकडे असलेल्या त्यांच्या व्हीस्फिअर 7 या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि ज्या सर्व्हरांवर ते चालत होते त्यांची वॉरंटीही सरली होती. नवे सर्व्हर आणि व्हीएमवेअरची नवी वर्गणी (सबस्क्रिप्शन) असा दुहेरी खर्च करण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउडवर जावे असे ठरले. ॲझ्युरचे ‘सेंट्रल इंडिया’ रीजन (डेटा सेंटरांचा समूह) 2015 पासून पुण्यातच आहे, त्यामुळे कामगारांची माहिती देशाबाहेर जाईल का, हा संचालकांचा पहिला प्रश्न तिथेच मिटला.

ॲझ्युर मायग्रेट या स्थलांतराच्या साधनाचे अप्लायन्स (आपल्याकडे चालणारा त्याचा भाग) बसवणे, व्हीएमची यादी करणे आणि रेप्लिकेशन, म्हणजे व्हीएमची प्रत क्लाउडवर पाठवणे, सुरू करणे यांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही. एक हिशोब मात्र आधीच करून ठेवावा. 100 एमबीपीएसची लीज्ड लाइन (कारखान्यासाठी राखीव इंटरनेट जोडणी) पूर्ण मोकळी मिळाली तरी एक टीबी डेटा वर जायला सुमारे 22 तास लागतात, आणि दिवसा ती लाइन पूर्ण मोकळी कधीच नसते. म्हणून कार्यालयीन वेळेत रेप्लिकेशनचा वेग बांधून ठेवावा आणि रात्री सोडावा. पहिली पूर्ण प्रत एकदा वर गेली की पुढे फक्त डिस्कचे बदललेले तुकडे (ब्लॉक) जातात, त्यामुळे ओढ कमी होते. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि वीजदुरुस्तीसाठी पुरवठाही बहुधा त्याच दिवशी बंद ठेवला जातो, तेव्हा गुरुवारी कटओव्हर, म्हणजे जुन्या व्हीएमवरून नव्या व्हीएमवर अंतिम बदल, करायचा असेल तर जनरेटरमधील डिझेल आदल्या दिवशी स्वतः पाहून घ्यावे.

आता पगारपत्रकाकडे येतो. हे सॉफ्टवेअर आमच्याकडे बरीच वर्षे आहे आणि त्याचे लायसन्स यंत्राच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या बारा अक्षरी ओळखक्रमांकाला, बांधलेले आहे. व्हीएम ॲझ्युरवर गेली की तिला नवे आभासी कार्ड मिळते, नवा मॅक ॲड्रेस मिळतो आणि सॉफ्टवेअर उघडताच लायसन्स अवैध असल्याचा संदेश येतो. यात अनपेक्षित काही नव्हते, म्हणून आम्ही विक्रेत्या कंपनीकडे लायसन्स बदलून मागण्यासाठी वेळेत अर्ज मागवला.

त्या अर्जात मूळ बिलाची प्रत, खरेदी आदेशाचा क्रमांक, लेटरहेडवर संचालकांची सही व शिक्का, नव्या यंत्राचा मॅक ॲड्रेस आणि ‘यंत्राच्या मागील बाजूस असलेला अनुक्रमांक’ एवढे मागितले होते. व्हीएमला मागील बाजू नसते हे मी फोनवर शांतपणे समजावले, तेव्हा पलीकडच्या मुलाचे उत्तर होते, “सर, तो रकाना भरल्याशिवाय माझ्याकडे अर्ज पुढे जातच नाही.” त्या मुलाचा दोष नव्हता, त्याच्यासमोरचा फॉर्म ज्या काळात बनला त्या काळात सर्व्हर म्हणजे लोखंडी पेटीच असे. शेवटी त्या रकान्यात आम्ही व्हीएमचा यूयूआयडी (तिचा एकमेव ओळखक्रमांक) लिहिला आणि तो मान्य व्हावा यासाठी वरिष्ठांपर्यंत पत्रव्यवहार करावा लागला.

खरी कोंडी पुढे होती. जुने यंत्र कायमचे बंद केल्याचे पत्र दिल्याशिवाय नवी किल्ली (लायसन्स चालू करणारा कोड) मिळणार नाही, असा त्यांचा नियम होता, आणि किल्ली यायला कामकाजाचे काही दिवस लागणार होते. इकडे पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा लागतो आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा 15 तारखेपर्यंत करावा लागतो. आमच्या लेखा विभागातील मॅडमनी एकाच वाक्यात विषय संपवला, “अहो, पगाराचं मशीन एक दिवससुद्धा बंद ठेवायचं नाही.” त्यामुळे आमच्या हाती राहिला तो 15 तारखेनंतर महिन्याची हजेरी बंद होईपर्यंतचा छोटा काळ. त्यातच मॅक ॲड्रेस आधी कळवा म्हणावे, तर ॲझ्युर तो मॅक ॲड्रेस कार्ड व्हीएमला जोडून ती पहिल्यांदा सुरू झाल्यावरच देते, आणि चाचणी स्थलांतरात तयार होणारे कार्ड वेगळे, अंतिम स्थलांतरात तयार होणारे वेगळे. चाचणीच्या वेळचा मॅक ॲड्रेस अर्जात लिहिला असता तर मिळालेली किल्ली प्रत्यक्ष दिवशी निरुपयोगी ठरली असती.

यावर आम्ही काढलेला मार्ग मला आजही योग्य वाटतो आणि त्याचा अभिमानही वाटतो. अंतिम व्हीएम ज्या व्हर्च्युअल नेटवर्कमध्ये (क्लाउडमधील आमच्या खासगी जाळ्यात) राहणार होती, त्यातच आम्ही एक स्वतंत्र नेटवर्क कार्ड आधी तयार केले, त्याला ॲझ्युरच्या बाजूने स्थिर खासगी आयपी (नेटवर्कवरील पत्ता) दिला, ते एका लहान व्हीएमला जोडून ती सुरू केली आणि मिळालेला मॅक ॲड्रेस अर्जात लिहिला. कार्ड हटवले नाही किंवा त्याचा मुख्य खासगी आयपी बदलला नाही, तर तो मॅक ॲड्रेस टिकून राहतो. कटओव्हरच्या दिवशी पगारपत्रकाची व्हीएम डीॲलोकेट करून (म्हणजे बंद करून तिने धरलेली यंत्रसामग्री ॲझ्युरला परत देऊन) हे कार्ड तिला जोडले, ते मुख्य केले आणि मगच स्थलांतरात मिळालेले कार्ड काढले, कारण ॲझ्युरमध्ये व्हीएमला किमान एक कार्ड असावेच लागते. लहान व्हीएम हटवताना तिच्यासोबत कार्डही हटवण्याचा पर्याय निवडलेला नाही ना, हे दोनदा तपासावे. तो निवडलेला राहिला तर सगळा पत्रव्यवहार पुन्हा पहिल्यापासून.

जुने यंत्र बंद केल्याच्या पत्राऐवजी आमच्या संचालकांनी हमीपत्र दिले: अमुक तारखेला जुनी व्हीएम बंद होईल, तिची प्रत वापरली जाणार नाही, आणि तोपर्यंत मर्यादित मुदतीची किल्ली द्यावी. ही मागणी फोनवर कोणी ऐकून घेत नव्हते. शिक्क्याच्या कागदावर गेल्यावर मात्र ती मंजूर झाली. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की क्लाउडचे अंदाजपत्रक करण्याच्याही आधी प्रत्येक सॉफ्टवेअरचे लायसन्स कशाला बांधलेले आहे ते लिहून काढावे. यूएसबी डोंगल (संगणकाला लावायची लायसन्सची छोटी कांडी) असेल तर ती क्लाउडमधल्या व्हीएमला थेट लावता येत नाही, तेव्हा त्यासाठी विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर किल्ली मागावी किंवा ती व्हीएम तूर्त कारखान्यातच ठेवावी.

हे लिहिताना आठवलेल्या आणखी काही गोष्टी आहेत. गेटवरच्या हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्रांत सर्व्हरचा आयपी हाताने टाकलेला असतो; आम्ही सगळी यंत्रे स्थलांतराआधीच आयपीऐवजी सर्व्हरच्या नावावर आणली, आणि नाव स्वीकारत नव्हते त्या जुन्या यंत्रात नवा आयपी टाकायला माणूस गेटवर उभा ठेवला. पगाराच्या पावत्या ईमेलने जात असतील तर ॲझ्युर बहुतेक वर्गण्यांमध्ये बाहेर जाणारा पोर्ट 25 (थेट ईमेल पाठवण्याचा मार्ग) बंद ठेवते, तेव्हा पावत्या 587 पोर्टवरून अधिकृत मेल रिलेमार्फत (ईमेल पुढे पाठवणाऱ्या सेवेमार्फत) पाठवण्याची सोय आधीच करावी. विंडोजच्या आतून शटडाउन केलेल्या व्हीएमचे भाडे चालूच राहते. पोर्टलवर ‘डीॲलोकेटेड’ असे दिसेपर्यंत मीटर थांबत नाही, ही गोष्ट रात्रपाळीच्या ऑपरेटरलाही सांगून ठेवावी.

कायमची किल्ली आल्यावर मॅडमनी मागच्या महिन्याचे पत्रक नव्या व्हीएमवर पुन्हा काढले, जुन्या छापील प्रतीशी ओळीने ताडून पाहिले, आणि बेरीज रुपयाला रुपया जुळल्यावरच मला जुनी व्हीएम बंद करण्याची परवानगी दिली.