बेचाळीस किलोमीटरला दिवस का लागतो

‘आमच्याकडची पोरं सकाळच्या चहाआधी सायकलवर पन्नास-साठ किलोमीटर मारून येतात. तुम्हाला दौलताबाद ते वेरूळ, तेही बेचाळीस किलोमीटर, उजाडल्यापासून मावळेपर्यंत लागतात. एवढा वेळ करता तरी काय?’ हे लग्नाच्या पंगतीत विचारतात, सायकलच्या दुकानात विचारतात, आणि हल्ली घरातलेही विचारायला लागलेत. दोन वाक्यांत सांगितलं की कुणाला पटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं एकदाच लिहितो.

आमची वाट डांबरावरून जात नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक आहे. दौलताबादहून गाडीवाटांनी आणि गुरांच्या वाटांनी खुलताबाद, तिथून सुलीभंजन, मग म्हैसमाळचं पठार आणि पलीकडून वेरूळच्या अंगाला उतार. पण बेचाळीस म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात डांबरी बेचाळीसच धरतो. सगळा घोटाळा तिथंच आहे.

हिशेब असा. घट्ट मुरमाच्या गाडीवाटा धरल्या तर अठरा किलोमीटर होतात, तिथं तासाला नऊचा वेग मिळतो. दगडगोट्यांची, ओढ्यात उतरून वर चढणारी वाट चौदा किलोमीटर, तिथं सहा. उरलेल्या दहात सायकल ढकलायची किंवा खांद्यावर घ्यायची, तिथं तासाला चार मिळाले तरी समाधान मानायचं. म्हणजे नुसतं चालतं राहिलं तरी पावणेसात-सात तास गेले. आम्हा पाच जणांचं पाणी, खाणं, पंक्चर आणि रस्ता विचारणं यांत अडीच तास सहज जातात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. अकरा तासांपैकी साडेनऊ इथंच संपतात. यात आळस कुठं आहे, तुम्हीच सांगा.

मुरमाबद्दल थोडं. आपला सगळा डोंगर बेसाल्टचा, थरांवर थर. कठीण थर पायऱ्यांसारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून मुरूम होतो. बसलेला मुरूम सायकलला फार चांगला, पावसानंतर काही तासांत त्यातलं पाणी निघून जातं. पण उतारावरचा सुटा मुरूम चाकाखाली गोल फिरतो. तिथं पुढचा ब्रेक दाबून धरला की पुढचं चाक घसरलंच. ब्रेक सरळ वाटेवर, वळणाच्या आधी लावायचा आणि वळणात सोडायचा. टायरमधली हवाही इथंच महत्त्वाची. सत्तर किलोच्या माणसाला २९ इंची चाकाच्या सव्वादोन इंची ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये पुढं २२ आणि मागं २५ पीएसआय पुरते. डांबराच्या सवयीनं पस्तीस-चाळीस भरून आलेला माणूस दिवसभर उडत राहतो आणि दुपारपर्यंत त्याचे मनगट-खांदे जातात. वीसच्या खाली गेलं तर दगडाचा मार रिमला बसतो.

काटे हा इथला दुसरा हिशेब. दिवाळीनंतर सराटे वाळून वाटेवर पसरलेले असतात, आणि सराटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर राहतं. साध्या ट्यूबवर एका फेरीत किती भोकं पडतील याला धरबंध नाही. प्रत्येक पंक्चरला पंधरा-वीस मिनिटं, आणि थांबायचं पाचही जणांनी. ट्यूबलेस टायरमध्ये नव्वद ते शंभर मिलिलीटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, असेल तर सराट्याची भोकं फिरता फिरता बुजतात. बाभळीचा दोन इंची काटा मात्र लगेच उपसायचा नाही. भोक जमिनीकडं येईल असं चाक फिरवायचं, म्हणजे सीलंट तिथं जमतं, आणि मग काटा ओढायचा. आपल्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवायचं. आतून पाण्यासारखा आवाज आला नाही, तर व्हॉल्व्हचा कोर काढून साठ मिलिलीटर भरायचं. हे आदल्या रात्री घरी करायचं काम आहे, तरी दर वेळी कुणीतरी ते दौलताबादच्या पायथ्याशी करत असतो.

पाण्याचं सांगायला नकोच. माणशी चार लिटर, त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. श्रावणातले शनिवार टाळायचे. भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची गर्दी रात्रीपासूनच असते, त्यांच्या मध्ये सायकली घालणं बरोबर नाही.

आता काळ्या मातीचं. इथं मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ‘एवढा वेळ’ याचं खरं उत्तर इथंच आहे.

ऑक्टोबरातली फेरी होती. आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता. मुरमाची वाट सकाळी कोरडी लागली, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. दुपारी तीनच्या सुमारास दीडेक किलोमीटरच्या पांदणीत शिरलो. दोन्ही बाजूंना मका आणि मध्ये काळी. या मातीतली चिकणमाती थरांच्या मध्ये पाणी धरून फुगते आणि सुकली की आकसते, म्हणूनच ती उन्हाळ्यात भेगाळते. ओली काळी टायरला चिकटते, तिच्यावर दुसरा थर, त्यावर वाळकी पाती आणि हराळी. पुढचं चाक धरणारा फोर्क आणि टायर यांच्यात फटच मुळी बोटभर असते. पाच-पंचवीस मीटरांत ती भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मागं माती चेनस्टेमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत, ब्रेकमध्ये आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या छोट्या चाकांत जाते. पुढचं चाक अडलं की माणूस पडतो, पण मागचं अडलं की तो पायांचा जोर वाढवतो. हा जोर चेनमधून डिरेलरवर येतो, डिरेलर मागं ओढला जातो आणि चाकाच्या तारांत शिरतो.

आमच्यातल्या एका मित्राच्या सायकलचं तसंच झालं. हँगर मोडला आणि दोन तारा वाकल्या. फ्रेमला डिरेलर ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा तुकडा म्हणजे हँगर. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, म्हणजे मोडलाच तर तो मोडावा, फ्रेम नाही. पण फ्रेमगणिक हँगर बहुधा वेगळा. पाच सायकली म्हणजे पाच हँगर. चौघांच्या पिशवीत जादा होते, त्यातला एकही त्याला बसत नव्हता. त्याची फ्रेम जुनी, तिचा हँगर दुकानांत मिळेना म्हणून तो शोधतच होता.

मग एका गिअरची सायकल करायची ठरली. क्विक लिंक, म्हणजे चेनची उघडणारी कडी, उघडून चेन काढली. पाच नंबरच्या ॲलन कीनं डिरेलर सोडवून झिप टायनं फ्रेमला बांधला. पुढं ३२ दात, मागं कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या, मधली २१ दातांची चकती, म्हणजे चेन सरळ राहते. चेन टूलनं जादा कड्या काढल्या. अडचण अशी की चेन एकेका इंचानंच कमी करता येते. एक इंच ठेवला तर सैल, काढला तर तारेसारखी ताठ. सैल ठेवली तर दातांवरून उडत होती, म्हणून ताठ केली. तीनेकशे मीटर गेल्यावर ती २४च्या चकतीवर चढली. कॅसेटच्या दातांना चेन वर चढावी म्हणूनच खाचा केलेल्या असतात आणि डिरेलर नसताना तिला आवरायला कुणी नसतं. तिथं ती इतकी आवळली की एक कडी वाकली. उपाय संपला. उतारावर चेनशिवाय सायकल सोडता येते, ब्रेक चालतातच, पण पुढं बहुतेक चढ आणि सपाटी होती. डांबर नऊ किलोमीटर लांब.

साडेचार वाजले होते आणि वाद तिथं सुरू झाला. दोघांनी पुढं निघावं, उजेडात खुलताबाद गाठावं, पिकअप घेऊन यावं, असं एक मत. त्यात चूक काहीच नव्हती. दुसरं मत असं की या घळीत मोबाइलला रेंज नाही, पुढच्या तीन फाट्यांवर वाट चुकते आणि हेडलाइट पाचांत दोनच. मित्र बांधावर बसला होता. ‘तुम्ही निघा, मी येतो हळूहळू,’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बैलं घेऊन परतणारे एक काका थांबले. ‘कामून शिरलात बाबांनो काळीत? पांदण सोडा, बांधानं जावा,’ म्हणाले आणि कडेनं जाणारी मुरमाड वाट हातानं दाखवली.

आम्ही पाचही जण एकत्र चालत निघालो. शेवटचा तासभर अंधारात गेला. एक दिवा पुढं, एक मागं, मध्ये तिघं. या भागात अंधारात चालणं म्हणजे काय, हे शहरात बसून कळत नाही. बिनकठड्याच्या विहिरी वाटेपासून दोन हातांवर असतात. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार गुडघ्याच्या उंचीवर असते आणि सायकलचा दांडा तिला लागू शकतो. ठिबकच्या नळ्या पायाखाली येतात, त्या तुडवल्या तर नुकसान शेतकऱ्याचं. तासाला साडेतीन किलोमीटरचा वेग पडला. सगळे धड पोचले.

त्यानंतर तो मित्र येत नाही. पाच जणांचा दिवस आपल्या सायकलीनं खाल्ला, असं त्याचं म्हणणं आहे. चिखल कुणाच्याही चाकात गेला असता, हे त्याला कितीदा सांगितलं, पण तो ऐकून घेतो आणि विषय बदलतो.

पूर्वी मीही म्हणायचो की ज्यानं त्यानं आपल्या वेगानं जावं, वेरूळला भेटावं. डांबरावर हे आजही मला पटतं. डोंगरात फाटे आहेत, विहिरी आहेत, म्हणून आता फाट्यावर पुढच्यानं मागच्याचा चेहरा दिसेपर्यंत थांबायचं, पंप आणि हत्यारं शेवटच्याकडं द्यायची, हे आम्ही पाळतो. पण माझ्या त्या जुन्या म्हणण्यात एक गोष्ट होती जी मला खोडता येत नाही. जो तो आपल्या वेगानं गेला असता, तर कुणासाठी कुणी थांबलंय असं कुणाला वाटलं नसतं. थांबणाऱ्याला थांबणं सोपं जातं. ज्याच्यासाठी थांबतात, त्याला प्रत्येक फाट्यावर चार माणसं उभी दिसतात. तो धापा टाकत पोचतो आणि बाकीचे विसावलेले असतात, लगेच निघायला तयार. त्याला विसावा मिळतच नाही.

म्हणून दोन गोष्टी करून पाहतोय. सर्वांत सावकाश चालवणारा पुढं, त्याच्या वेगानं बाकीचे. आणि दर चाळीस मिनिटांनी घड्याळ पाहून सगळ्यांनी थांबायचं, गरज असो वा नसो, म्हणजे थांबणं कुणा एकामुळं होत नाही. यानं दिवसात आणखी पाऊण तासाची भर पडते. शिवाय पावसानंतर तीन दिवस काळीकडं फिरकायचं नाही आणि स्वतःच्या फ्रेमचा हँगर पिशवीत नसेल त्यानं यायचं नाही, हे ठरलं आहे. घड्याळाचं मात्र गटातल्या दोघांना पटलेलं नाही. चढाच्या मध्यात थांबलं की पाय थंड पडतात आणि पुन्हा लय धरायला वेळ जातो, असं ते म्हणतात, आणि चढावर ते खरंच तसं होतं.