सुया आणि सैनिक

"सुया टोचून कुठं युद्ध डोक्यातून जातं का?" आज गप्पांत ॲक्युपंक्चरचा, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचून करायच्या उपचाराचा विषय निघाला, तेव्हा एकजण बोलून गेला. सगळे हसले. मला राहून राहून तेच आठवतंय.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला, युद्धाच्या आघातानं त्रस्त असलेल्या ९३ माजी सैनिकांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. आठवड्यातून दोनदा, तासभर, अशी २४ सत्रं. काहींना खरं ॲक्युपंक्चर, बाकीच्यांना नुसत्या वरवर टोचलेल्या सुया. बरं दोन्ही गटांना वाटलं, पण खऱ्या उपचारानं त्रास जास्त कमी झाला. चाचणी छोटी आहे, मान्य. आणि बोलून होणारे उपचार हीच आजही पहिली पसंती.

पण त्यातले बरेच उपचार मागतात काय? जे घडलं ते पुन्हा आठवा, पुन्हा सांगा. झोपेतून दचकून उठणाऱ्या, दाराकडे पाठ करून बसूच न शकणाऱ्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. कित्येकजण मध्येच सोडून देतात.

सुया टोचून घेताना युद्धाची हकिगत सांगावी लागत नाही. मला ही सवलत फार मोठी वाटते.

ज्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही, त्याच्यासाठी आपल्याजवळ दुसरं काय आहे?